प्रसन्न दाता : एका ख्रिस्ती शब्दाचा मराठी संसार

भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव मराठी इतिहासाच्या वाचकास अपरिचित नाही. वसईच्या खाडीकाठी वसलेल्या या गावच्या नाईक घराण्याने, विशेषतः गंगाजी नाईक अंजूरकर यांनी, उत्तर कोकणातील पोर्तुगीज अंमल उठविण्याच्या खटपटीत जो भाग घेतला, त्याची हकीकत ‘साष्टीची बखर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनात आली आहे. मार्च 1737 मध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती आले आणि मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. या मोहिमेमागे राजकीय कारणे अनेक होती. तथापि रयतेच्या गाऱ्हाण्यांत एक गाऱ्हाणे ठळकपणे पुढे येते, आणि ते म्हणजे धर्माच्या बाबतीत होणारी सक्ती. हिंदूंच्या सणसमारंभांवर निर्बंध होते. अनाथ मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्यासंबंधीचा कायदा पोर्तुगीज हद्दीत 1559 पासून होता. खाडीच्या अलीकडील अंजूरला पलीकडच्या साष्टीतील या गोष्टी दूरच्या नव्हत्या.

यातील विसंगती अशी की, ज्या धर्माच्या नावाने ही सक्ती झाली, त्याच्याच मूळ ग्रंथात सक्तीने काही देऊ नये व घेऊही नये, असे मानणारा एक विचार मोठ्या स्पष्टपणे आलेला आहे. तो विचार दानाच्या संदर्भातील असला तरी त्याचा रोख मनुष्याच्या अंतःकरणावर आहे. ख्रिस्ती श्रद्धेत उदारपणाला जे स्थान आहे ते कळावयाचे, तर त्या विचारातील एका शब्दाची चौकशी करणे सोयीचे होते. तो शब्द ग्रीक आहे. मराठीत त्याला घर मिळाले, पण ते मिळताना त्याचा काही ऐवज बाहेर राहिला.

प्रसंग असा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यानंतर काही वर्षांनी प्रेषित पौल याने यरुशलेमातील गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी ग्रीक भाषिक मंडळ्यांतून निधी गोळा करण्याचे काम चालविले होते. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः दरिद्री असून त्यांनी शक्तीबाहेर दिले. करिंथ हे व्यापारी बंदर, तेथील मंडळी सुस्थितीत. तिने वर्षापूर्वी वचन दिले होते, परंतु रक्कम निघत नव्हती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे व नववे हे दोन अध्याय या थकलेल्या वचनासंबंधी आहेत. वसुलीचे पत्र म्हणून ते वाचले तर त्यातील नाजूकपणा ध्यानात येतो. मागणारा अधिकाराने मागू शकत होता; पण आज्ञा करीत नाही असे तो मुद्दाम नमूद करतो. देणाऱ्याच्या मनाचे जे दोन दोष तो सांगतो, त्यांपैकी एक ‘लूपे’, म्हणजे दुःख अथवा जिवावर येणे, आणि दुसरा ‘अनांके’, म्हणजे भाग पडणे. या दोहोंच्या विरोधी बाजूस तो ‘हिलारोस’ हे विशेषण ठेवतो.

हा शब्द पौलाचा स्वतःचा नव्हे. नीतिसूत्रे या ग्रंथाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, बाविसाव्या अध्यायात, मूळ हिब्रूत नसलेली एक ओळ आहे. तिच्यात ‘हिलारोस’ व दाता हे दोन्ही शब्द एकत्र येतात. पौलाने ती मनात धरून लिहिले यात शंका नाही. मात्र त्याने एक क्रियापद बदलले. जुन्या ओळीत देव अशा मनुष्याला आशीर्वाद देतो. पौलाच्या वाक्यात तो त्याच्यावर प्रीती करतो. फरक लहान दिसतो, परंतु आशीर्वाद ही परतफेड होऊ शकते, आणि परतफेडीच्या आशेने दिलेले दान व्यवहाराच्या कक्षेत येते. प्रीती हा कोणत्याही दानाचा मोबदला होत नाही. एका क्रियापदाच्या बदलाने पौलाने दान हिशेबाच्या वहीतून बाहेर काढले.

आता ‘हिलारोस’ कडे वळू. ‘हिलेओस’ म्हणजे अनुकूल झालेला, कृपावंत. हे विशेषण ग्रीक भाषेत प्राधान्याने देवतांना लावीत. ‘हिलास्कोमाइ’ म्हणजे देवतेला अनुकूल करून घेणे. याच कुळातील ‘हिलारोस’ मनुष्याच्या चेहऱ्यासाठी व वृत्तीसाठी वापरला जाऊ लागला : ज्याच्या मुखावर उजळपणा आहे असा. लॅटिनमध्ये तो ‘हिलारिस’ झाला. इंग्रजीत ‘हिलॅरिअस’ या रूपाने तो आज मोठमोठ्याने हसविणाऱ्या गोष्टीसाठी राबतो आहे. शब्दांचे नशीब असे विचित्र असते. पौलाच्या मनात हास्यकल्लोळ नव्हता, एवढे सांगून हा मुद्दा सोडता येईल.

महत्त्वाचे हे की, देवाचे अनुकूल होणे व मनुष्याचे उजळ मुख या दोन अर्थांची जी जोडी ग्रीक शब्दाच्या कुळात आहे, तीच मराठीच्या एका रोजच्या शब्दात आहे. देव प्रसन्न होतो आणि मुद्राही प्रसन्न असते. ‘प्र’ उपसर्ग व ‘सद्’ हा बसण्याचा धातू यांपासून हा शब्द बनला. पाण्यातील गाळ खाली बसला की पाणी प्रसन्न होते, हा त्याचा संस्कृतातील एक जुना उपयोग होय. म्हणजे प्रसन्नता हे नुसते हर्षाचे नाव नाही. गढूळपणा खाली बसल्यावर जी नितळी येते तिचे ते नाव आहे. पौल याच अध्यायांत उदारपणासाठी ‘हाप्लोतेस’ असा शब्द योजतो. त्याचा मूळ अर्थ एकपदरीपणा. ज्या मनाला दुसरा पदर नाही, ज्यात देणे एक आणि हेतू दुसरा अशी घडी नाही, त्याचे देणे उदार. नितळ पाणी आणि एकपदरी वस्त्र, या दोन प्रतिमा एकाच मनोवस्थेकडे बोट दाखवितात.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी मात्र हा शब्द उचलला नाही. श्रीरामपूरच्या मिशनने मत्तयाचे शुभवर्तमान 1805 मध्ये व नवा करार 1811 मध्ये मराठीत छापला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार 1826 मध्ये निघाला. त्यानंतर अनेक संस्करणे झाली. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 मध्ये आले. यांपैकी मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत सर्वांत रूढ झालेल्या बायबल सोसायटीच्या पाठात या ठिकाणी ‘संतोषाने’ असा शब्द आहे. तो चुकीचा म्हणता येणार नाही. संतोषाची गोष्ट, संतोषाने निरोप देणे, असा त्याचा वापर मराठीत आहेच. परंतु संस्कृत परंपरेत, विशेषतः योगशास्त्रात जेथे तो नियमांपैकी एक आहे, संतोष म्हणजे आहे तेवढ्यात पुरे वाटणे. आश्चर्य असे की, पौलाच्या पुढच्याच वाक्यात या अर्थाचा स्वतंत्र ग्रीक शब्द, ‘औतार्केइया’, आलेला आहे. मला पुरेसे आहे हे कळणे ही एक गोष्ट, आणि म्हणून हात मोकळा होऊन मुख उजळणे ही दुसरी. पहिलीवाचून दुसरी टिकत नाही. पण पहिलीपाशीच थांबलेला मनुष्य सुखाने कृपणही राहू शकतो.

भारतीय परंपरेला दात्याच्या मनाचा विचार नवा नाही, हे सांगितल्यावाचून ही चर्चा एकांगी होईल. तैत्तिरीय उपनिषदात श्रद्धेने द्यावे, विनयाने द्यावे, भय बाळगून द्यावे असा उपदेश आहे. तेथे देणाऱ्याने संकोचावे अशी अपेक्षा दिसते, मुखाच्या उजळपणाचा उल्लेख नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले असून राजस दानाला ‘परिक्लिष्ट’ हे विशेषण लावले आहे. क्लेश पावून, जिवावर येऊन दिलेले ते परिक्लिष्ट. पौलाच्या ‘लूपे’ शी हा शब्द इतका जुळतो की एकाने दुसऱ्याचे भाषांतर केले असे वाटावे. त्याच श्लोकावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी दुभत्यावर डोळा ठेवून गाईला चारा घालणाऱ्याचा दृष्टांत दिला आहे. मोबदल्याचा विचार दानाला कसा गढूळ करतो हे याहून घरगुती रीतीने सांगणे कठीण. भेद आहे तो पुढच्या पायरीवर. गीतेचा सात्त्विक दाता द्यावयाचे म्हणून देतो. कर्तव्यबुद्धी हा त्याचा आधार. पौलाचा दाता आपणास आधी मिळाले आहे म्हणून देतो. कृतज्ञता हा त्याचा आधार. आणि कर्तव्य गंभीर मुद्रेने करता येते, कृतज्ञतेला मात्र गंभीर मुद्रा फार काळ धरवत नाही.

या ‘आधी मिळाले’ साठी पौलाचा शब्द ‘खारिस’. भाषांतरकारांची सर्वांत अधिक परीक्षा पाहणारा हाच शब्द होय. या दोन अध्यायांत तो देवाच्या कृपेसाठी येतो, गोळा केलेल्या निधीसाठी येतो आणि आभारासाठीही येतो. देवाने केलेली खारिस, माणसाने गरिबांकडे पोचविलेली खारिस, आणि देवाकडे परत गेलेली खारिस, असे एक वर्तुळ त्या एका शब्दाने पुरे होते. शिवाय ‘खारा’ म्हणजे आनंद हा त्याचा सख्खा भाऊ. दोन्ही एकाच धातूचे. ग्रीक श्रोत्याच्या कानाला कृपा, देणगी, आभार व आनंद ही एकाच घरातील माणसे होती. मराठीत त्यांना ‘कृपा’, ‘धर्मकार्य’, ‘आभार’, ‘हर्ष’ अशी निरनिराळी बिऱ्हाडे करावी लागली, आणि नाते दिसेनासे झाले. म्हणून मराठी वाचकाला पुष्कळदा असे वाटते की, द्या ही एक आज्ञा आणि आनंदाने द्या ही तिच्यावर चढविलेली दुसरी, अधिक अवघड आज्ञा. मुळात आज्ञा एकही नाही.

‘प्रसाद’ हा शब्द घेता आला असता का? अनुग्रह, आणि हातावर पडणारा, वाटून खावयाचा पदार्थ, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. तो ‘प्रसन्न’ चा सख्खा भाऊ आहे. आणि प्रसाद एकट्याने खावयाचा नसतो हे मराठी मुलाला अक्षरओळखीपूर्वीच ठाऊक असते. हिंदी भाषिक कॅथलिकांनी ‘परमप्रसाद’ असा शब्द उपासनेत रूढ केला. मराठी प्रोटेस्टंट भाषांतरकारांना देवळाच्या गाभाऱ्याशी जडलेला हा शब्द जवळ करणे अवघड वाटले असावे. त्यांची अडचण समजण्याजोगी आहे, परंतु किंमत मोजावी लागली हेही खरे.

शब्दांकडून रूढींकडे येताना पुन्हा खाडीकाठी जावे लागते. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली. धर्मकार्याचा आश्रय हा राजाचा हक्क आणि राजाचीच जबाबदारी, अशी त्यांची व्यवस्था होती. पाद्र्यांच्या निर्वाहाचा भार राजसत्तेने उचलावयाचा. गरिबांच्या साहाय्यासाठी मिझेरिकॉर्डिया नावाचे प्रापंचिकांचे बंधुमंडळ असे. लिस्बनमध्ये 1498 साली निघालेल्या या संस्थेच्या शाखा गोव्याप्रमाणे वसईतही होत्या. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, कैद्यास भेट, मृतास मूठमाती, अशी तिची कामे ठरलेली होती. चांगले कार्य होते, पण त्याच्या मागे तलवारीचे राज्य होते, आणि ज्याला त्या राज्याचा धाक त्याला त्याच्या दयेचाही धाक वाटणार हे उघड आहे.

1739 मध्ये हे छत्र गेले. युरोपियन धर्मगुरूंपैकी बहुतेक निघून गेले, कित्येक चर्चेस ओस पडली. नव्या राजाने ख्रिस्ती प्रजेला मात्र छळले नाही. 1760 च्या सुमारास साष्टीतून गेलेल्या आँकेतील दु पेरों या फ्रेंच प्रवाशाने तेथे ख्रिस्ती सण निर्वेधपणे साजरा होत असल्याचे लिहिले आहे. भाषा मराठी, शेती भाताची, राज्य पेशव्यांचे आणि धर्म ख्रिस्ती, असे हे लोक होते. राजाचा हात निघाल्यावर चर्चमधील दिवा कोणी लावावयाचा हा प्रश्न गावावर येऊन पडला, आणि या किनाऱ्यावरील ख्रिस्ती देण्यातून ‘अनांके’ प्रथमच गळून पडली. श्रद्धा टिकविण्याची सोय आता कोणत्याही कायद्यात नव्हती. ती टिकली, याचा अर्थ देणारे होते.

या देण्याच्या रूढी आजही पाहावयास मिळतात आणि त्यांत गंभीरपणा फारसा नाही. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस असतो. त्यांतील बरेच 1896 च्या प्लेगच्या काळात उभारलेले. मे महिन्यात संध्याकाळी त्यापुढे लोक जमून प्रार्थनेची लादाइन म्हणतात आणि ती संपताच उकडलेले चणे वाटतात. त्या दिवशीचा खर्च एखाद्या घराने आपणहून उचललेला असतो. वाटणारा गल्लीतील मुलांच्या गराड्यात सापडतो; वाटेने जाणाऱ्या परधर्मीयाच्या हातावरही चणे पडतात.

याची तुलना ‘वर्गणी’ शी करावी. वर्गणी हा शब्दच वाटणी सुचवितो : एकूण खर्च इतका, डोई इतके. वर्गणी मागावयास मंडळी दाराशी आली म्हणजे आतून प्रथम आवाज येतो तो ‘मागच्या खेपेला किती दिले होते?’ असा. शेजाऱ्याने दिले त्यापेक्षा कमी नको आणि फार जास्तही नको, अशी ती नोट निघते. वर्गणी वाईट नव्हे. तिच्यावाचून गावाची कामे चालणार नाहीत, आणि ख्रिस्ती मंडळ्यांतही मासिक वर्गणी असतेच. तिला ‘अर्पण’ म्हटल्याने ती अर्पण होत नाही, एवढेच. दशमांशाचीही तीच गत. उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा नियम जुन्या करारातील आहे. पौल या दोन अध्यायांत त्याचे नावही काढीत नाही. ज्याने त्याने मनात ठरवावे असे म्हणून तो आकडा मोकळा सोडतो. आकडा मोकळा सोडला की काहींचे देणे आटते आणि काहींचे दहाव्या हिश्श्याच्या पार जाते. पौलाने हा धोका पत्करला. मराठी मंडळ्यांच्या पंचांना तो पत्करणे जड जाते, आणि मोडकळीला आलेले छप्पर पाहिले म्हणजे त्यांनाही दोष देववत नाही.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत ही मोकळीक एका निराळ्याच जागी दिसते. हंगामानंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला लोक आपल्या घरचे धान्य, भाजी, फळे, अंडी, कोंबडी घेऊन येतात. उपासना आटोपल्यावर त्या वस्तूंचा लिलाव होतो. एरवी पैशापैशाची घासाघीस करणारा मनुष्य तेथे एका भोपळ्यासाठी भाव चढवीत जातो, शेजारी त्याला मुद्दाम चिथावतो, आणि शेवटी चौपट किमतीला घेतलेला भोपळा तो पुन्हा मेजावर ठेवतो, की याचा आणखी एकदा लिलाव व्हावा. सगळी मंडळी हसते. ‘हिलारोस’ ला मराठीत अचूक प्रतिशब्द मिळाला नाही, पण त्याचा अर्थ या लिलावात कोणालाही दिसू शकतो.

तथापि प्रसन्न दानाची एक अवघड बाजू आहे, आणि ती मराठी वाङ्मयात जितकी उघडपणे मांडली गेली आहे तितकी धर्मोपदेशात क्वचितच मांडली जाते. नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. 1917 मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. देण्याच्या बाबतीत त्यांचा हात कधीच आखडला नाही; बाप्तिस्म्यापूर्वीही नाही आणि नंतरही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या उदारपणाची दुसरी बाजू येते. घरात काय आहे याची चौकशी न करता माणसे घरी यावयाची, हाती आलेला पैसा परस्पर दुसऱ्याकडे जावयाचा, आणि चुलीपुढे बसलेल्या बाईने त्यातून वाट काढावयाची. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात, आणि त्यांचा विनोद हाच पुष्कळदा त्या घरातील खरा प्रसन्नपणा ठरतो. दान एकाने केले, आनंद त्याचा, पण त्यातील ‘अनांके’, भाग पडणे, हे दुसऱ्याच्या वाट्यास गेले, तर त्या दानाला काय म्हणावयाचे?

पौलाने हा प्रश्न टाळलेला नाही. इतरांना सुख व्हावे म्हणून तुम्हांवर भार पडावा असा हेतू नाही, अशा आशयाचे स्पष्टीकरण तो आठव्या अध्यायात देतो आणि तेथे ‘इसोतेस’, म्हणजे समता, हा शब्द आणतो. एखाद्याजवळ जे आहे त्या मानाने दान स्वीकारले जाते, जे नाही त्या मानाने नव्हे. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मार्काच्या शुभवर्तमानात आहे आणि ती दानाच्या उपदेशात नेहमी सांगितली जाते; पण तिने जे टाकले ते तिचे स्वतःचे होते. गृहस्थाचे दान घराच्या संमतीने व्हावे, आणि ती संमतीही विचारून मिळविलेली असावी, गृहीत धरलेली नव्हे, हा अर्थ त्या ‘इसोतेस’ मधून काढणे गैर होणार नाही. टिळकांच्या थोरवीला याने बाध येत नाही. पण मराठी ख्रिस्ती कुटुंबांत त्यांचे नाव घेऊन दानाचा उपदेश करताना लक्ष्मीबाईंची साक्ष गाळली जाऊ नये.

साष्टीतील आणि मुंबई परिसरातील ख्रिस्ती शेतकऱ्यांचा आगेरा हा सण या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात सारे घर सामील असते. आगेरा या नावाचे नाते लॅटिनमधील शेतवाचक ‘आगेर’ शब्दाशी जोडतात. साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या पहिल्या लोंब्या कापून, वाजतगाजत चर्चमध्ये आणल्या जातात. बायका लुगडी नेसून निघतात, मुलांच्या हातातही लोंब्या असतात. धर्मगुरू त्यांवर आशीर्वाद म्हणतो. मंगळुरात अशा नव्या भाताचा सण 8 सप्टेंबरला येतो, गोव्यात रायेला 5 ऑगस्टला आणि ताळगावात 21 ऑगस्टला. पिकाच्या वेळेप्रमाणे तारखा सरकतात. मुंबईची शेते बहुतेक बुजली, तरी आगेरा चालू आहे, आणि लोंब्या कित्येकदा बाहेरच्या गावांहून आणाव्या लागतात.

अर्पण केलेल्या या लोंब्या चर्चमध्ये राहत नाहीत. आशीर्वाद झाल्यावर त्या जमलेल्यांत वाटल्या जातात, आणि प्रत्येक घर चार दाणे घेऊन परतते. खाडीच्या अलीकडे, अंजूरच्या बाजूच्या भातखाचरांतही तेव्हा कापणीचे दिवस असतात, आणि तिकडच्या घरांत त्याच भाताचे नवान्न होते.